तेल नको म्हटलं आणि…

"दादा, तेल नको," मी म्हटलं आणि कोलकात्याच्या कॉलेज स्ट्रीटवर झालमुरी, म्हणजे बंगाली तिखट चुरमुरे, विकणाऱ्याचा हात थांबला. वरणभातावर तूप नको म्हटल्यावर आजी बघायची, अगदी तसं बघितलं त्याने.

"तेल छाडा मुडी?" तेलाशिवाय?

आणि ओतलंच. कच्चं मोहरीचं तेल, थेट नाकात जाणारं. चुरमुरे, कांदा, मिरची, उकडलेला बटाटा, चनाचूर, सगळं पत्र्याच्या डब्यात खडखडवलं. वर खोबऱ्याचा लांबट काप. कागदी ठोंगा, म्हणजे पुडा, कुणाच्या तरी गणिताच्या वहीचा. एका उत्तरावर लाल फुली!

पहिल्या घासाला मी आपला चिंचेची चटणी शोधत होतो. भेळ डोक्यातून जाईना. तिसऱ्या घासाला शोधणं थांबलं, डोळ्यांत पाणी आलं.

परगावी गेल्यावर तुम्हीही आधी घरचीच चव शोधता का हो?