गावच्या घराच्या खिडक्या, आणि काकांपासून लपवलेला रंधा

आमचं गावचं घर देवरुखजवळ, जांभ्या दगडाचं, आजोबांनी बांधलेलं. खिडक्या सगळ्या सागवानी, मध्ये उभे लोखंडी गज, वरच्या झडपा वेगळ्या, खालच्या वेगळ्या. एकूण सहा. त्यातल्या तीन पावसाळ्यात उघडायच्याच नाहीत आणि मे महिन्यात त्याच खिडक्यांच्या फटीतून बोट जायचं. काका म्हणाले काढून टाकू, स्लायडिंग बसवू, अ‍ॅल्युमिनियमवाला मापंसुद्धा घेऊन गेला होता.

मी म्हटलं एकदा मेस्त्रींना दाखवू. त्यांनी काही न बोलता झडपेच्या कडेला पटाशीचं टोक लावलं आणि रंगाचा एक तुकडा उचकटून माझ्या हातात दिला, चांगला जाड, कडेने बघितलं तर थर मोजता येत होते, हिरवा, हिरवा, चॉकलेटी, मग कुठला तरी आकाशी, परत हिरवा. "ताई, लाकडाला काय झालेलं नाही. दर गणपतीला रंगावर रंग मारलात, झडप जाड होत गेली. पावसात थोडी फुगली की अडकते, मग तुम्ही रंधा मारता, आणि उन्हाळ्यात सुकली की फट." काका तेव्हा अंगणात काहीतरी बघायला निघून गेले.

काम जानेवारीत काढलं, लाकूड सुकं असताना. मी पहिल्याच दिवशी पॉलिश पेपर घेऊन कोरडंच घासायला लागले होते, मग लक्षात आलं की जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या (म्हणजे दहा लाख भागांत 90) वर नको हा नियम 2016 चा, लागू झाला नोव्हेंबर 2017 पासून, आमचे थर त्याच्या कितीतरी आधीचे. म्हणून मग पाणी मारून ओलंच घासलं, चांगला मास्क लावला, भाच्यांना मागच्या पडवीत पिटाळलं, आणि खाली प्लास्टिक अंथरून सगळा चोथा त्यातच गोळा केला. हीट गन पण आणली होती, ती कमीवर ठेवायची, नाहीतर शिशाचा धूर नाकात जातो. त्या गनने माझ्या दोन काचा तडकल्या, तेव्हा काचेजवळ सरळ खरवडणीच घ्या.

बिजागऱ्या आणि कड्या मात्र सोप्या निघाल्या. जुन्या पातेल्यात पाणी आणि धुण्याचा सोडा घालून उकळत ठेवल्या (ते पातेलं परत स्वयंपाकात नाही!), रंग सालीसारखा निघाला आणि खाली पितळ! इतकी वर्षं आम्ही त्या लोखंडी समजत होतो.

खराब झालेलं म्हणाल तर खिडकीच्या खालच्या आडव्या पट्ट्या, जिथे पाणी साचतं. तिथे स्क्रूड्रायव्हर टोचला तर लोण्यात गेल्यासारखा आत जायचा. आणि वाळवी लागलेली पण गंमत बघा, तिने फक्त कडेचा पांढरट भाग खाल्लेला, सागाच्या गाभ्याला तोंड लावलं नव्हतं. मेस्त्रींनी सडकं तेवढं कापलं आणि गोठ्याच्या मोडक्या दाराच्या सागाचं ठिगळ बसवलं, नवीन लाकूड नको म्हणाले, ते अजून आक्रसेल. सैल सांध्यांमध्ये लाकडी खुंट्या ठोकल्या. काचांना खडूची पूड आणि जवसाचं तेल मळून लांबी (पुट्टी) भरली, मळायचं काम माझ्याकडे, पोळ्यांच्या कणकेपेक्षा घट्ट.

वरून रंग नाही, डबल बॉइल्ड जवसाचं तेल, पातळ हात, दोन दिवस गॅप, असे तीन. आता एक सांगते, तेलाची फडकी कधी गोळा करून टाकू नका. मी बादलीत कोंबलेली, संध्याकाळी हात लावला तर आतून चक्क गरम. ती आपोआप पेटू शकतात. पसरून वाळत घालायची किंवा पाण्यात बुडवून ठेवायची.

पाच झाल्या. स्वयंपाकघरातली राहिलीय, तिच्यावर रंगासोबत चुलीच्या धुराचं किटण आहे, ती पुढच्या जानेवारीत.

जुलैत काकांचा फोन, माजघरातली एक झडप जरा घासतेय, रंधा कुठे ठेवलास? म्हटलं काका, हात लावू नका, दसऱ्यापर्यंत थांबा, सुकली की सुटेल. ते शोधत होते म्हणे दोन दिवस. रंधा मी डोंबिवलीला घेऊन आलेय.