माळरान पडीक नसतं

सातारा-सांगलीतले माण, खटाव, आटपाडी, जत हे तालुके. पाऊस कमी, मुरमावर जेमतेम वीतभर माती. त्या मातीत कुसळी, पवन्या, मारवेल उगवतात. माडग्याळी मेंढरं त्यावर जगतात, लांडगा, खोकड आणि धाविक, चंडोल हे पक्षीही. कागदावर मात्र हीच जमीन ‘पडीक’ ठरते, आणि एकदा रिकामी समजली की मुरूम उपसा, कचरा डेपो, वृक्षलागवड सगळं तिथेच येतं.

सगळ्यात जास्त नुकसान चांगल्या हेतूच्या वृक्षलागवडीने होतं, हे स्पष्ट बोलायला हवं. जेसीबीने चर काढला की माती खाली जाते, मुरूम वर येतो. उलथलेल्या मुरमावर बारमाही गवत लवकर परतत नाही, गाजरगवत आणि तरोटा आधी येतात. रोपं टँकरवर जगवावी लागतात. पाणी थांबलं की बहुतेक वाळतात, आणि ग्लिरिसिडियासारखी जी तगतात त्यांच्या सावलीत गवत विरळ होतं. जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांची जागाही जाते. झाडं लावायचीच तर ओढाकाठ आणि गावठाण आहे.

ग्रामपंचायतीने सुरुवात नोंदींपासून करावी. तलाठ्याकडून गायरानाच्या, म्हणजे गावच्या चराईच्या जमिनीच्या, प्रत्येक गटाचा सातबारा आणि अतिक्रमणाची नोंदवही, म्हणजे गाव नमुना १-ई, मागवा. मग भूमी अभिलेखकडून मोजणी करून ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, घ्या आणि हद्दीचे दगड रोवा. मोजणीशिवाय नुसता ठराव केला तर पहिल्याच वादात तो टिकत नाही, कारण हद्द कुठली हेच कुणाला दाखवता येत नाही. महसूल संहितेचं कलम २२-अ गायरान दुसऱ्या वापराला देण्यावर बंधन घालतं. ग्रामसभेच्या ठरावात त्याचा उल्लेख गट नंबर आणि क्षेत्रासह असावा.

२००२ च्या जैवविविधता कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेला जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावी लागते. अधिवास जपणं हे तिच्याच कामात येतं. समितीची लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या जीवजातींची नोंद, अनेकदा एखाद्या संस्थेकडून कार्यालयात बसून भरून घेतली जाते आणि गवतांची पानं कोरी राहतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात, गवत तुऱ्यावर असताना, मेंढपाळांना सोबत घेऊन माळ फिरा. नावं त्यांना माहीत असतात. दिवाळीनंतर मेंढपाळांचे बरेच वाडे, म्हणजे एकत्र फिरणाऱ्या कुटुंबांचे गट, कोकणाकडे निघतात, तेव्हा उशीर नको.

ग्रामपंचायत विकास आराखड्यात माळासाठी वेगळं काम धरा. गायरानाचे तीन-चार भाग पाडून दरवर्षी एक भाग पावसाळाभर बंद ठेवायचा आणि बी गळाल्यावरच चराईला खुला करायचा. कोणता भाग कधी बंद हे धनगर वाड्यांशी बसून ठरवा. त्यांना वगळून केलेली बंदी मोडतेच, आणि दोष मात्र त्यांच्यावर येतो. रस्त्याकडेने चार-पाच मीटर रुंदीची जाळरेषा, म्हणजे आग अडवणारी गवत काढलेली पट्टी, फेब्रुवारीच्या आत साफ करून घ्या. विडी-काडीचे वणवे बहुतेक तिथूनच आत शिरतात.