असू द्या सर, होतं असं

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा. पंखा फुल्ल आहे तरी घाम थांबत नाही, गच्चीवर जावं तर डास.

आज कॉलवर बारकीनं, टीममधल्या ज्युनियर पोरीनं, स्क्रीन शेअर करून कोडमधली ती ओळ दाखवली, जिच्यामुळं तारखा चुकत होत्या. स्टॅटिक फायनल सिंपलडेटफॉरमॅट, जावातलं तारखा वाचायचं हत्यार. शेजारी ओळ लिहिणाऱ्याचं नाव, माझं, 2019. तीन दिवस मी सगळ्यांना सांगत फिरत होतो की डेटाबेसमध्येच घोळ आहे, समोरूनच तारखा चुकीच्या येतायत, आणि ही पोरगी नाव बघून जराशी थांबली आणि म्हणाली, "असू द्या सर, होतं असं."

हसली असती तरी चाललं असतं. "असू द्या" काय?

आणि चूक तरी कसली, जी मी स्वतः इंटरव्ह्यूत विचारतो. मेथडच्या आत डिक्लेअर केलं की लोकल, प्रत्येक थ्रेडचा, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या प्रत्येक कामाचा, स्टॅक म्हणजे स्वतःची जागा वेगळी, कुणी कुणाच्यात हात घालत नाही. वर क्लासमध्ये स्टॅटिक ठेवलं की सगळ्या थ्रेड्सना मिळून एकच. तेव्हा वाटलेलं दर वेळी नवीन ऑब्जेक्ट कशाला, वर एकच ठेवू, आणि फायनल लावलंय म्हणजे सेफ. पण फायनलनं फक्त रेफरन्स, म्हणजे ऑब्जेक्टकडे दाखवणारं बोट, बदलत नाही, आतला माल बदलतोच की! पार्स करताना, म्हणजे मजकुरातून तारीख काढताना, तो आतलं कॅलेंडर आधी पुसतो, मग भरतो, मग वाचतो. एकजण भरत असताना दुसऱ्यानं येऊन पुसलं की तारीख गेली कामातून. कधी एरर येतो, कधी तेही नाही, गुपचूप भलतंच वर्ष. माझ्या मशीनवर कधीच फुटलं नाही, कारण तिथं मी एकटाच.

डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय की हे सिंक्रोनाइज्ड नाही, म्हणजे एका वेळी एकानंच वापरायचं असं कुलूप आत नाही, प्रत्येक थ्रेडला वेगळं घ्या. बरं, जावा 8 आलं 2014 ला, त्यात तारखांच्या याच कामाला डेटटाइमफॉरमॅटर, एकदा बनवला की आतून बदलतच नाही, खुशाल शेअर करा. म्हणजे पाच वर्षं समोर होतं आणि मी... पुण्याला गेलो असतो तर कदाचित... जाऊ दे. पण "असू द्या" म्हणाली. म्हणजे आता मी असू द्या म्हणायच्या वयात आलो का?

संध्याकाळी तोंड पाडून स्वयंपाकघरात बसलेलो. आई आत्यासाठी कडक भाकरी मोजून बांधत होती, शेंगा चटणीचा पुडा बाजूला. पाच, सहा, सात. मी उगाच विचारलं, आत्याची गाडी किती वाजता? "अकराला," म्हणाली आणि पुढची भाकरी ठेवली, "बारा, तेरा..." मला कळलं पण बोललो नाही, बघत बसलो, पंचवीसवर तिनं गाठ मारली.

जाताना आत्यानं एसटी स्टँडवर मोजल्या म्हणे, तिची सवय. फोन आला, वहिनी, एकवीसच आहेत की ओ. आई माझ्याकडे वळली, "मोजताना मधी मधी काय बोललालास बे?"

मला इतकं हसू आलं की बारकीला मेसेज टाकला, फिक्स तूच कर, रिव्ह्यू मी करतो. अजून बघितला नाहीये तिनं.

आईला म्हटलं, असू दे गं, होतं असं. तिनं ज्या नजरेनं बघितलं ना...