चार ओळींचा दिनविशेष

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी अंकात बाकं, मधली सुट्टी आणि छड्या यांवर पुष्कळ जण लिहितील. माझा विषय जिन्याशेजारचा दिनविशेषाचा फळा. परिपाठात तो वाचला जातो, दोन्ही सत्रांची मुलं येता-जाता बघतात, आणि त्यावर चुकीचा सन पडला की तो थेट मुलांच्या वह्यांत उतरतो.

आधी फळा. पावसाळ्यात तो आदल्या संध्याकाळीच ओल्या फडक्याने पुसून ठेवावा. मुंबईच्या जुलैत सकाळी पुसलेला फळा प्रार्थनेपर्यंत वाळत नाही. ओल्यावर लिहिलेलं तेव्हा दिसत नाही आणि वाळल्यावर असं चिकटतं की दुसऱ्या दिवशी कोरड्या डस्टरला दाद देत नाही. ओळी चारच. पाचवी आली की अक्षर बारीक होतं आणि मागच्या रांगेला काही वाचता येत नाही. सन आधी, मग नाव, मग काय झालं आणि कुठे. हयात माणसाला 'जयंती' लावू नये. १० जुलैला सुनील गावस्करांचा वाढदिवस असतो.

सगळ्यात सुरेख फळा १ ऑगस्टचा. लोकमान्य टिळकांचं निधन, अण्णा भाऊ साठे यांचा वाटेगावातला जन्म आणि असहकार आंदोलनाची सुरुवात, या तिन्ही गोष्टी एकाच तारखेच्या तर आहेतच, पण सनही एकच: १९२०. बहुतेक ठिकाणी दोन तसबिरी, दोन हार आणि खाली 'पुण्यतिथी व जयंती' एवढंच असतं; सन लिहिलेला नसतो, त्यामुळे हा योग कुणाच्या ध्यानातच येत नाही. टिळक क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात मध्यरात्र उलटल्यावर गेले. आपला दिवस सूर्योदयाला बदलतो, म्हणून कुणी '३१ जुलैची रात्र' म्हटलं तर तेही बोलीप्रमाणे बरोबरच. फळ्यावर मात्र १ ऑगस्ट. अण्णा भाऊ पुढे घाटकोपरच्या चिरागनगरात राहिले, म्हणजे दोन्ही नावं मुंबईशी जोडलेली. हे चौथ्या ओळीत यावं.

रात्रीची अशीच गफलत १४ एप्रिलला होते. १९१२ साली टायटॅनिक हिमनगावर आदळलं ते १४ तारखेला रात्री ११.४० वाजता, बुडालं १५ ला पहाटे. '१४ एप्रिल – टायटॅनिक बुडाले' हे चूक. त्याच तारखेला १९४४ साली दुपारी चारनंतर मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला. पोटात कापसाच्या गासड्या आणि दारूगोळा एकत्र. कापूस धुमसला आणि आग दारूगोळ्यापर्यंत पोचली. ६६ अग्निशामक जवान गेले. १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात तो त्यांच्या स्मरणार्थ. हे फळ्यावर क्वचितच येतं, कारण त्या दिवशी डॉ. आंबेडकर जयंतीची सुट्टी. १३ लाच लिहून टाकावं.

जुन्या तारखांत खरी गोम शकाची. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो हे सगळ्यांना पाठ असतं. पण जानेवारी ते गुढीपाडवा या काळातल्या तारखेला ७९ मिळवावे लागतात. शिवजन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. सरसकट ७८ धराल तर १६२९ येईल, खरं १६३०. राज्याभिषेक मात्र ज्येष्ठातला, तिथे १५९६ अधिक ७८ म्हणजे १६७४. शिवाय १९ फेब्रुवारी ही ज्युलियन, म्हणजे युरोपातल्या जुन्या गणनेची तारीख. आजच्या ग्रेगोरियन गणनेने तो १ मार्च पडतो. म्हणून काही कुणी १ मार्चला जयंती करत नाही आणि करूही नये, पण तिथी शेजारी लिहिली की वाद मिटतो. ही भानगड आपल्या दाराशीच होती: पोर्तुगिजांनी नवी गणना १५८२ सालीच घेतली, इंग्रजांनी १७५२ साली. त्यामुळे सतराव्या शतकाच्या अखेरीस वसईच्या पोर्तुगीज कागदावरची आणि मुंबईच्या इंग्रज कागदावरची तारीख एकाच दिवशी दहा दिवसांनी वेगळी. १९ फेब्रुवारीलाच गोपाळ कृष्ण गोखले गेले, १९१५ साली. ती ओळ हमखास गळते.

२९ फेब्रुवारीला मोरारजी देसाई, जन्म १८९६. १९०० हे लीप वर्ष नव्हतं, म्हणजे त्या तारखेचा पहिला वाढदिवस थेट आठव्या वर्षी. इतर वर्षी २८ लाच लिहावं, कंसात खरी तारीख देऊन.

आणि ७ नोव्हेंबर. १८६७ मेरी क्युरी, वॉर्सा. १८८८ चंद्रशेखर वेंकट रामन. १९०० भीमरावांचा साताऱ्याच्या शाळेत प्रवेश. राज्यात हा विद्यार्थी दिवस. १९१७ रशियातली क्रांती, जिला ज्युलियन तारखेमुळे 'ऑक्टोबर क्रांती' म्हणतात. इतका भरगच्च दिवस आणि फळा बहुतेक वर्षी कोरा, कारण दिवाळीची सुट्टी. अशा तारखा सुट्टी लागायच्या दिवशी एकत्र लिहाव्यात. तेवढ्यापुरती चार ओळींची अट मोडली तरी चालेल.