भिंतीत मीठ आलं कुठून

मी तैवानमध्ये काओश्युंगला जुन्या इमारतींच्या डॉक्युमेंटेशनचं काम करते. घरी सगळ्यांना वाटतं देवळं मोजत असेल, पण सध्याचं बरंचसं काम नेव्हीच्या जुन्या फॅमिली क्वार्टर्सचं आहे, झुओयिंग भागात, नेव्हल बेसच्या जवळ. परवा तिथे जे झालं ते सांगायचंय, पण आधी थोडं बॅकग्राउंड.

1949 ला चँग काय-शेकचं सरकार चीनमध्ये कम्युनिस्टांकडून हरून तैवानला आलं, सोबत लाखो सैनिक आणि त्यांची बायकापोरं. त्यांना ठेवायला बेटभर 800 च्या वर वस्त्या उठल्या, त्यांना इकडे च्युएनत्सुन म्हणतात. घर लष्कराचं, यांना फक्त राहायचा हक्क. आणि गंमत म्हणजे सगळे धरून चालले होते की आपण इथे चार दिवसांचे पाहुणे, कारण सरकारची घोषणाच होती, पहिल्या वर्षी तयारी, दुसऱ्या वर्षी प्रतिहल्ला, तिसऱ्या वर्षी सफाया, पाचव्या वर्षी फत्ते. मग पक्कं बांधतंय कोण? पोरं वाढली की अंगणात पत्रे टाकून खोली ओढायची, अजून वाढली की अजून एक. चीनमधल्या गावी जाऊन नातेवाइकांना भेटायची परवानगी मिळाली थेट 1987 ला! पुढे 1996 च्या कायद्याने बऱ्याच वस्त्या पाडून टॉवर झाले, आणि 2007 ला कायद्यात बदल झाला तेव्हा कुठे जतनाची तरतूद आली. संरक्षण खात्याने मग देशभरात 13 जागा निवडल्या.

आमची वस्ती च्येनये शिनत्सुन. इथली घरं मुळात जपानी राजवटीत जपानी नेव्हीने 1940 च्या आसपास आपल्या अधिकाऱ्यांसाठी बांधलेली, विटांच्या भिंती, जमिनीपासून उचललेलं लाकडी फ्लोअर, खालून वारा खेळायला जोत्यात झरोके, वर कौलं. जपानी गेले, चिनी नेव्हीवाले आले, आणि मागच्या बाजूला स्वयंपाकघरं, मोऱ्या, पडव्या वाढत गेल्या.

तर आमच्या ड्रॉइंगमध्ये जपानी घर काळ्या रेघेत आणि "नंतरची भर" लाल रेघेत, लाल म्हणजे पाडायचं. मला हे पहिल्यापासून खटकत होतं. पुण्यात वाड्यांच्या कामातही हेच बघितलंय, सगळ्यांना मूळ पेशवाई हवी असते आणि भाडेकरूंनी तीन पिढ्या वापरलेली मोरी पहिली उडते.

एका घराच्या लाल रेघेतल्या स्वयंपाकघराची एक भिंत आम्हाला छळत होती. गुडघ्याच्या उंचीला सरळ पट्ट्यात लोणा धरलेला, पांढरा, हात लावला की गिलाव्याचा भुगा. टेस्ट स्ट्रिप लावली तर क्लोराइड भरपूर, म्हणजे मीठ. समुद्र जवळ आहे म्हणावं तर समुद्राकडची बाहेरची भिंत स्वच्छ, आणि ही आतली, तीही एकच! छत गळत नाही, पाइप नाही. शीटवर "कारण अनिश्चित" लिहून ठेवलेलं.

त्या दिवशी दुपारी एक आजी आल्या, मुलगा सोबत, म्हणाल्या आमचं घर बघू द्या. अशी मंडळी अधूनमधून येतात. हेल्मेट दिलं, तर त्या पुढच्या दाराने नाहीच, मागच्या बोळातून आत शिरल्या, आयुष्यभर तिथूनच ये-जा असणार. माझं चायनीज कामापुरतं, त्यामुळे माझी सहकारी मध्ये बोलत होती. बाकी घराकडे त्यांनी ढुंकून बघितलं नाही (आम्ही ज्या लाकडी छतावर जीव टाकतो ते!), सरळ त्या भिंतीसमोर गेल्या आणि पायाने जमिनीवर गोल काढायला लागल्या, इथे एक, इथे एक, इथे एक. आईचे रांजण.

आई चीनच्या सिच्वान प्रांतातली. फावा बीन्स आणि मिरच्या मीठ घालून आंबवायच्या, दोउबानच्यांग, दिवसा रांजण अंगणात उन्हात, पाऊस आला की सगळ्यांनी ओढत आत. रेशन माणशी मिळायचं, वयाप्रमाणे मोठं तोंड, मधलं तोंड, छोटं तोंड असा हिशोब, घरात छोटीच तोंडं जास्त, मग आई ही चटणी बोळात विकायची. रांजण हलवताना खारं पाणी सांडायचं, तिथेच धुवायचे. हे किती वर्षं? त्यांनी मुलाकडे बघितलं, म्हणाल्या याचं लग्न होईपर्यंत.

मी मोजपट्टी काढली. त्यांनी पायाने काढलेले गोल आणि भिंतीवरचा लोणा धरलेला पट्टा तंतोतंत समोरासमोर. सहकारी हसायलाच लागली.

मग मीटिंग. सीनियर म्हणाले जपानी घर वारसा आहे, हे अतिक्रमण आहे. मी म्हणलं जपानी अधिकारी इथे पाचेक वर्षं राहिले, हे कुटुंब पन्नासच्या वर, आणि सरकारने जागा निवडली ती च्युएनत्सुन म्हणून ना? बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी सिमेंटचे पत्रे अॅस्बेस्टॉसचे म्हणून जाणारच होते, पण भिंती आणि मोरी राहिली, रेघ काळी झाली.

मीठ मात्र काढावं लागणार. कागदाचा लगदा भिंतीला थापायचा, वाळताना तो मीठ ओढून घेतो, असं परत परत, नाहीतर विटाच झडतील. मला वाटलं आजींना वाईट वाटेल, म्हणून सहकारीने फोन करून विचारलं.

"काढा की, आई पण दरवर्षी घासायचीच," त्या म्हणाल्या. फक्त बोर्डावर सिच्वान असं नीट लिहा, शेजारणीची चटणी शानतुंग प्रांतातली होती, ती नुसती खारट.