लाईट गेली: क्यू १४, टाइम ०

मंडळी, मागच्या नोंदीत लिहिलं होतं की पुढच्या वेळेपर्यंत पहिला अंक टाइप झालेला असेल. झाला. खरं तर दोनदा झाला. दोनदा का, ते पुढे येईलच.

नव्यांसाठी थोडक्यात. नाटक इथल्या महाराष्ट्र मंडळाचं, दोन अंकी, घडतं एका जुन्या वाड्यात. प्रकाशयोजना माझ्याकडे. हॉल अमेरिकेतल्या एका शाळेचा, दिवे चालवायचा बोर्ड ईटीसी कंपनीचा आयन. प्रयोगाआधी हॉल एकच शनिवार मिळतो, तोही चार तास. त्यात शिडीवर चढून फोकस, नेपथ्य उभं करणं, साउंड, आणि वडापाव (वडापावला हात लावायची कुणाची टाप नाही). क्यू (दिव्यांचा प्रत्येक ठरलेला बदल) करायला हातात येतो जेमतेम सव्वा तास. म्हणून सगळं काम घरी, जेवणाच्या टेबलावर, लॅपटॉपवर नोमॅड (बोर्डाचंच सॉफ्टवेअर) टाकून. नोमॅड फुकट उतरवता येतं, डाँगल (परवान्याची यूएसबी किल्ली) नसेल तर त्यातून दिव्यांपर्यंत काही पोचत नाही एवढंच. माझ्या टेबलावर दिवे नाहीतच, त्यामुळे माझं काही अडत नाही.

आमच्या दिग्दर्शक काकांना हे अजून पटलेलं नाही. मागच्या रविवारी तालमीनंतर लॅपटॉपमध्ये डोकावून म्हणाले, "अगं, फेडर वर-खाली करायचे सोडून तू टायपिंगची परीक्षा देतेयस का?" त्यांनी तरुणपणी गणेशोत्सवात लाकडी पाटीवरच्या स्विचांनी प्रयोग काढलेत, तेव्हा त्यांचं बरोबरच आहे. मी म्हटलं, "काका, तुम्ही फक्त सांगा. तुमचं वाक्य संपायच्या आत माझं संपतं."

आणि ते खरंच संपतं. "१ थ्रू ६ ॲट ७० एंटर." कुणाला, किती, आणि शेवटी एंटर. आपण "पहिल्या सहांना सत्तरवर ने" म्हणतो त्याच क्रमाने, क्रियापद शेवटी. बोटांना सवय व्हायला मला दोन आठवडे लागले. ग्रँडएमए नावाच्या दुसऱ्या एका बोर्डावर एंटरच्या कळीवर 'प्लीज' लिहिलेलं असतं. तसं इथेही असतं तर काकांनी मला एव्हाना माफ केलं असतं.

या व्याकरणात एक खोडी मात्र आहे. इऑस कुटुंबातल्या बोर्डांवर (आयन त्यातलाच) "ॲट ५" म्हणजे पाच टक्के नव्हे, पन्नास. पाच हवे असतील तर "ॲट ०५". मला हे वाचून माहीत होतं, तरी कंदिलाला पाच द्यायला गेले आणि पन्नास दिले. हॉलमध्ये असते तर डोळे दिपल्यावर लगेच कळलं असतं. घरी अंधारातला प्रवेश पडद्यावर फक्त आकडे बनून दिसतो, आणि ५० हा आकडा ५ पेक्षा जास्त उजेड पाडत नाही. आता प्रत्येक क्यू लिहिल्यावर आकडे मोठ्याने वाचते. घरचे दुसऱ्या खोलीत जाऊन बसतात.

आता मुख्य काम. पहिल्या अंकात तिन्हीसांजेला आजी देवापाशी दिवा लावते, थोड्या वेळाने वाड्यातली लाईट जाते, अंधारात कुणीतरी काडी ओढतं आणि कंदील लागतो. कागदावर चार ओळी, बोर्डावर तीन क्यू, आणि त्यावर माझे तीन रविवार.

लाईट जाणं सोपं: "रेकॉर्ड क्यू १४ टाइम ०". शून्य म्हणजे शून्य सेकंद, फेड (हळूहळू बदल) नाही. पहिल्यांदा मी अर्धा सेकंद दिला होता, कारण शून्य फार कठोर वाटत होतं. पण फेड होत गेलेली लाईट म्हणजे कुणीतरी मुद्दाम बंद केलेली लाईट. गेलेली लाईट जाते. आपल्याकडे ज्यांचं बालपण लोडशेडिंगमध्ये गेलंय त्यांना समजवायला नको.

कंदील अवघड. त्याला दोन चॅनल (बोर्डावरचे दिव्यांचे क्रमांक) आहेत: ४२ म्हणजे खुद्द कंदिलातला छोटा बल्ब, आणि ४१ म्हणजे वर टांगलेला सोर्स फोर नावाचा स्पॉटलाइट, जो कंदिलाच्या आसपासच्या माणसांच्या चेहऱ्यावर उजेड टाकतो. दोन्ही एकदम लागले की फसवणूक उघडी पडते. आधी ज्योत, मग तिचा उजेड पसरलेला, असं व्हायला हवं. म्हणून क्यू १५ मध्ये ४२ ला टाइम २, आणि ४१ ला आधी "डिले १.५" आणि मग टाइम ६. चॅनलगणिक वेगळी वेळ देता येते हे मला या नाटकाआधी माहीतच नव्हतं. आतापर्यंत मी अशा ठिकाणी दोन क्यू करून त्यांना फॉलो (एकामागून दुसरा आपोआप सुरू व्हायची सोय) लावायचे आणि तो फॉलो नेहमी कुठेतरी अडखळायचा. फॉलो लावणाऱ्यांसाठी एक आठवण: फॉलोचे सेकंद क्यू सुरू झाल्यापासून मोजले जातात, हँग ही तशीच दुसरी सोय, तिचे क्यू पूर्ण झाल्यापासून. हे उलटं लक्षात ठेवून मी एकदा अख्खा प्रवेश चार सेकंद आधी उजाडवला आहे.

कंदिलातला बल्ब पंधरा वॅटचा. गेल्या प्रयोगात तो डिमरवर नीट चालेना, मधेच लुकलुकायचा, कारण एवढ्या लहान लोडवर डिमर धडपणे वागत नाही. तेव्हा त्याच्याच जोडीला विंगेमागे एक मोठा दिवा समांतर लावून काळ्या कापडाआड दडवला, तापत्या दिव्याला कापड लागू न देता, तेव्हा कंदील शांत झाला. यंदाही तेच करणार.

आणि आता ट्रॅकिंग. ही चूक माझी आहे आणि मी ती अभिमानाने सांगते. बोर्ड प्रत्येक क्यूमध्ये सगळे दिवे नव्याने लिहीत नाही, फक्त काय बदललं ते लिहितो. जे बदललं नाही ते पुढे चालत राहतं, कुणी थांबवेपर्यंत. आपल्या घरात उधारीच्या वहीत असतं तसं: फिटेपर्यंत आकडा पुढच्या पानावर.

काकांनी ऐन वेळी सांगितलं की शेजारचा माणूस अंधारात टॉर्च घेऊन डोकावतो, तेव्हा भिंतीवर टॉर्चचा डाग दिसू दे. चॅनल ३३ तिथेच होता. अंकाच्या सुरुवातीला तो रस्त्यावरचा दिवा म्हणून वापरून मी शून्यावर आणलेला. मग लिहिलं "३३ ॲट ४० एंटर, रेकॉर्ड क्यू १४.५". दशांश क्यू हा या पद्धतीचा सगळ्यात मोठा आशीर्वाद, मधे काहीही घुसवता येतं. शेजारी निघून गेला. ३३ गेला नाही. कंदील लागला, रात्र झाली, सकाळ झाली, दुसरा अंक सुरू झाला, आणि भिंतीवर चाळीस टक्क्यांचा एक डाग तसाच. घरी चालवून बघताना मला तो गुलाबी-जांभळ्या आकड्यात दिसत होता (वर गेलेला आकडा निळा, खाली आलेला हिरवा, मागून वाहत आलेला जांभळट), पण वाहत आलेले आकडे पडद्यावर इतके असतात की नजर त्यांच्यावरून सरकून जाते.

मला वाटलं होतं "अपडेट, क्यू ओन्ली" हे औषध आहे. नाही. ते बदल एका क्यूपुरता ठेवण्यासाठी आहे, आणि शेजारी तर दोन क्यू थांबतो. शेवटी १४.८ मध्ये "३३ ॲट ० एंटर" असं हाताने लिहिलं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रत्येक प्रवेशाच्या पहिल्या क्यूला ब्लॉक लावला, म्हणजे मागून वाहत येणारे बदल तिथेच अडतात. सकाळच्या क्यू २० वर आता ब्लॉक आहे. मागे मी काहीही गोंधळ घातला तरी सकाळ सकाळीच होते. हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. पुढच्या नाटकात क्यू शीटवर आधी ब्लॉक लिहीन, मग दिवे.

आता दोनदा टाइप करण्याची गोष्ट. मी घरी सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन ३ टाकलं होतं. हॉलच्या बोर्डावर २ आहे. नव्यात सेव्ह केलेली फाइल जुना बोर्ड उघडत नाही. हे मला हॉलच्या पार्किंगमध्ये नाही, दोन आठवडे आधी कळलं, एवढीच देवाची कृपा. मग घरचं ३ काढलं, २ टाकलं आणि सुरुवातीपासून. पण सगळ्या आज्ञा मी वहीत एकेक ओळ करून लिहिल्या होत्या, कारण टाइप करायच्या आधी विचार करायला मला कागदच लागतो. पासष्ट क्यू, पन्नास मिनिटं, मधे चहा धरून. फेडर ढकलून तयार केलेलं नाटक मी असं पुन्हा उभं करू शकले असते का, सांगता येत नाही. फाइल यूएसआयटीटी ॲस्की या सामाईक फाइल-प्रकारात निर्यात करून जुन्यात आणायचा प्रयत्न करता आला असता, हे मला चहा पिताना आठवलं. तेव्हा क्यू ५१ चालू होता.

उरलेलं: दुसऱ्या अंकातलं चांदणं. ली २०१ चा (दिव्यापुढे लावायच्या निळसर फिल्मचा) रंग लॅपटॉपवर छान दिसतो, पण मागच्या प्रयोगात तो अंगणात दवाखान्याच्या ट्यूबसारखा पडला होता. काका म्हणतात चांदणं निळं नसतंच, आपण ते निळं समजतो. यंदा मागच्या बाजूला थोडा फिका रंग आणि समोर अगदी कमी उबदार उजेड, ग्रुप ७ (दिव्यांचा एक गट) ॲट १५, असं करून बघणार आहे. ते टेबलावर ठरणार नाही. क्यू ४४ पासून ४९ पर्यंत वहीत जागा रिकामी सोडली आहे, शनिवारी शिडीवरून कुणीतरी ओरडून सांगेल आणि मी खाली बसून टाइप करेन.