चार चिमटे आणि एक पोस्टकार्ड

शाळेच्या अमृतमहोत्सव समितीचं पत्र आलं. ‘शाळेने मला काय दिले’ यावर पाचशे शब्द पाठवा, असं त्यात म्हटलंय. पाचशेत भागणार नाही, हे आधीच सांगतो. सगळ्या शिक्षकांचा उल्लेख करावा अशीही सूचना आहे, तीही पाळणार नाही. मराठीच्या बाईंनी माझ्या शुद्धलेखनाला खुशाल लाल शाई लावावी, पण मला लिहायचंय ते फक्त विज्ञानाच्या सरांबद्दल. नाव घालत नाही. ‘सायकलवाले सर’ म्हटलं की ज्यांना कळायचं त्यांना कळतं.

मी ८६ च्या दहावीचा. नववी ‘क’, तिसरा बाक, खिडकीकडची जागा. खिडकीखाली चौक आणि आमचं गॅरेज नाना पेठेत, त्यामुळे गाड्या मला कानांनीच ओळखू यायच्या. शेजारी बसणाऱ्या मित्राशी (आता तो दातांचा डॉक्टर आहे) चिंचेच्या गोळीवर पैज लागायची. बाहेर न बघता सांगायचं: चेतक, लूना, फियाट, पीएमटीची बस. चेतक आणि लँब्रेटामध्ये मी कधी कधी फसायचो, बाकी गोळ्या माझ्याच.

एकदा प्रकाशाचं परावर्तन चालू असताना मी तोंडाने बुलेट काढत होतो. हळू काढतोय असा माझा समज होता.

“फटफटी कोणी आणली रे वर्गात?” सर फळ्याकडेच तोंड करून म्हणाले.

उभा राहिलो.

“बुलेट होती का जावा?”

“बुलेट, सर.”

“मग आता जावा काढ.”

काढली. वर्ग फुटला. सर हसले नाहीत. “दोन्हीत फरक काय?”

“सर, बुलेट थांबून थांबून वाजते. जावा घाईत असते.”

“का?”

ते काही सांगता येईना. मला वाटलं, आता पट्टी. सर म्हणाले, “उद्या घरून चार चिमटे घेऊन ये. कपडे वाळत घालायचे.”

दुसऱ्या दिवशी सरांनी आपली सायकल दोन मुलांकडून वर्गात उचलून आणवली आणि टेबलावर उलटी ठेवली. मागच्या चाकाला चाळीस तारा असतात, हे मी त्या दिवशी मोजलं. एका तारेला चिमटा लावला, चाकाशेजारी पोस्टकार्ड धरलं आणि चाक फिरवलं. टक्. टक्. टक्. “चाकाची एक फेरी म्हणजे इंजिनाच्या दोन फेऱ्या, असं धरा. बुलेटमध्ये दट्ट्या एकच. तो दोनदा वर आणि दोनदा खाली जातो, तेव्हा पेट्रोल एकदा पेटतं. ही तुझी बुलेट.” मग बरोबर समोर दुसरा चिमटा. “जावा टू-स्ट्रोक. दर फेरीला पेटते. तेवढ्याच वेगात दुप्पट ठोके. घाई दिसते ती ही.” (जावाच्या दोन पुंगळ्या बघून तिला दोन सिलिंडर असतात असं अर्धं पुणं समजायचं. सिलिंडर एकच, धुराला वाटा दोन.) मग चार चिमटे, दर दहा तारांवर एक. “ही फियाट.” चाक जोरात फिरवलं तसे ठोके एकमेकांत मिसळले आणि त्यांची गुणगुण झाली. सर म्हणाले, “ठोका आणि सूर या दोन वेगळ्या वस्तू नाहीत. ठोके जवळ आले की कान मोजायचं सोडतो आणि त्याला सूर म्हणतो.”

हे वाक्य मी पुढे परदेशी तज्ज्ञांसमोर इंग्रजीत सांगितलंय, आणि त्यांनी ते वहीत उतरवून घेतलंय.

पण खरी गंमत त्यानंतर झाली. सरांनी दोन चिमटे काढले, आणि उरलेले समोरासमोर न ठेवता त्यातला एक थोडा सरकवला. चिमटे जावाइतकेच, चाकाचा वेगही तोच. आवाज मात्र लंगडायला लागला: ट-टक्, ट-टक्. “किती पेटले यावर आवाज उंच की खर्ज ते ठरतं. किती अंतराने पेटले, त्यावर चाल ठरते,” सर म्हणाले. मी विचारलं, “अशी लंगडी गाडी असते का, सर?” “असेल. कोणीतरी केलीच असेल.”

होती. बऱ्याच वर्षांनी पहिली हार्ले (अमेरिकन मोटरसायकल) प्रत्यक्ष ऐकली आणि मला पोस्टकार्ड आठवलं. तिचे दोन सिलिंडर एकमेकांशी ४५ अंशात असतात आणि दोन्ही दट्ट्यांचे दांडे क्रँकच्या, म्हणजे ते ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, एकाच पिनवर बसतात. त्यामुळे क्रँक ३१५ अंश फिरल्यावर एक ठोका पडतो, पुढचा ४०५ अंशांनी (एक फेरी ३६० अंशांची). सरांच्या चाकावर मांडलं तर साडेसतरा तारा आणि साडेबावीस तारा. या लंगडण्याचा ट्रेडमार्क मिळावा म्हणून कंपनीने १९९४ मध्ये अर्ज केला होता, २००० मध्ये मागे घेतला. अमेरिकन व्ही-८ (दोन बाजूंना चार-चार सिलिंडरचं इंजिन) गुरगुरतं, त्याचं कूळही हेच. एकूण आठ ठोके दर ९० अंशांनी अगदी शिस्तीत पडतात, पण एका बाजूच्या चारांचा हिशेब मांडला तर ९०, १८०, २७०, १८०. त्या बाजूच्या नळीतून ही वेडीवाकडी चाल बाहेर येते. फेरारीच्या व्ही-८ मध्ये क्रँक सपाट (सगळ्या पिना एकाच पातळीत), दोन्ही बाजू आळीपाळीने समान अंतराने पेटतात, म्हणून ती गुरगुरत नाही, किंचाळते. सिलिंडर तेवढेच!

मारुतीचा किस्सा राहिला. मारुती ८०० नुकतीच रस्त्यावर आली होती आणि ती फियाटसारखी वाजत नव्हती. सरांना विचारलं तर म्हणाले, “मला माहीत नाही. बोनेट उघडून बघ आणि मला येऊन सांग.” शिक्षकाने वर्गासमोर ‘मला माहीत नाही’ म्हणणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. महिनाभराने बाबांच्या गॅरेजसमोर एक मारुती उभी राहिली. बाबांनी बोनेट उचललं आणि मी प्लगच्या वायरी मोजल्या. तीन! दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी सरांना गाठलं. आम्ही तीन चिमटे लावले. चाळीसला तीनने भाग जात नाही, म्हणून तेरा, तेरा, चौदा. सर म्हणाले, “एका तारेची लबाडी चालेल.” मिनिटाला तीन हजार फेऱ्यांना फियाटचे सेकंदाला शंभर ठोके, मारुतीचे पंचाहत्तर. तो जरासा घोगरा सूर तिथून येतो. उभ्या गाडीला हीव भरल्यासारखं व्हायचं, त्याचंही मूळ तीनांतच आहे, पण ते सरांनी मला शोधायला लावलं आणि मला कळायला डिप्लोमा संपावा लागला.

सध्या मी चाकणला एका कंपनीत गाड्यांचा आवाज आणि कंपनं बघतो. आमच्या गाड्या चाचणीला जातात तेव्हा मार्गाच्या मध्यापासून साडेसात मीटरवर माइक असतो. गाडी त्याच्या शेजारून पळवायची आणि आकडा बघायचा. गाड्यांची चाचणी करणारी संस्था एआरएआय १९६६ पासून पुण्यात, वेताळ टेकडीवर आहे. त्या टेकडीवर आम्ही शाळेत असताना फिरायला जायचो, पण तिथे आवाज मोजून पोट भरता येतं हे कोणी सांगितलं असतं तर हसलो असतो. हल्ली पुंगळीतली जाळी काढून लक्ष्मी रोडवर बुलेट फोडत जाणारी पोरं बघितली की जीव जातो. सायलेन्सरमधले कप्पे लाटेवर लाट परतवून आवाज मारतात. ते काढले तर उरतो तो नुसता गोंगाट, त्याला चाल कसली?

आता इलेक्ट्रिक आल्या. २०२० मध्ये चेतकसुद्धा बिनआवाजाची झाली. इंजिन गप्प झालं की गिअरची शीळ, टायर, वारा, कुठल्या तरी प्लास्टिकची कुरकुर, सगळं ऐकू येतं. युरोपात अशा गाड्यांना कमी वेगात मुद्दाम आवाज घालावा लागतो, म्हणजे रस्त्यावरच्याला चाहूल लागते. तो आवाज कसा असावा यावर आम्ही बैठका घेतो. सरांना हे सांगायचं होतं. “एकदा प्रयोगशाळा दाखवायला नेतो, सर,” असं दर गुरुपौर्णिमेला म्हणायचो. ते चप्पल घालून तयार असायचे, मीच दर वर्षी कामात असायचो. २०२१ च्या एप्रिलमध्ये सर गेले. तेव्हा कोणाला कुठे जाता येत नव्हतं.

परवा निमंत्रण घेऊन शाळेत आलो तेव्हा नववी ‘क’ बघितली. बंद काचा, एसी, भिंतीवर मोठा पडदा. छान आहे. चौक मात्र ऐकू येत नाही.

समितीला एक विनंती. सरांची सायकल निवृत्तीनंतर बरीच वर्षं जुन्या इमारतीच्या जिन्याखाली होती. पाडकामात भंगारात गेली असेल तर तसं कळवा, म्हणजे मी विचारायचं थांबवतो. कोणी नेली असेल तर मागच्या चाकाचा फोटो पाठवावा. चौथा चिमटा सरांनी तेव्हाच मला परत केला होता. बाकीचे तीन तेरा, तेरा, चौदावर तसेच राहिले होते. आईला ते अजून हवे आहेत.